एका घमेल्यातल्या चार मिरच्या

मंगळवार, भाद्रपद. दिवेलागण.

धानाच्या रोवण्याच्या चिखलात वाजणाऱ्या बांगड्या आज दिवसभर कानात आहेत. त्या आवाजावरून मी हिला लांबून ओळखायचो आणि शेताच्या धुऱ्यावर उभा राहून शाळेतली एखादी कविता मोठ्याने म्हणायचो. “कवितेनं बांधी रोवून होते का?” ही म्हणायची.

वाटणीत पोरांनी आम्हा दोघांनाही वाटून घेतलं. मी इथेच थोरल्याकडे, ही वरोऱ्याला धाकट्याकडे. जाण्याआधी हिने घमेल्यात मिरचीची चार रोपं एकाच जागी खोचली, धानाच्या रोपांच्या चुडीसारखी. “धान कोणी एकेकटं रोवते का? मंग मिरची काऊन?”

फुलं आली, पण गळू लागली. सकाळी सूनबाई म्हणाली, “मामाजी, दाटी झाली. अलग करा, नाई तर एकही मिरची लागत नाई.”

बरोबरच बोलली. केली अलग. पण मुळं एकमेकांत अशी गुंतलेली, कितीही हळू सोडवली तरी तुटत होती. आता चार डब्यांत चार रोपं, चारही माना टाकून. पाणी घातलं, सावलीत ठेवली. हिच्या हातचं एवढंच माझ्याजवळ होतं. तेही मीच उपटलं का? फोनवर ही रोज आधी मिरच्यांचं विचारते, मग माझं. आज काय सांगू?

एवढं लिहिलं आणि फाटक वाजलं. सूनबाई असेल म्हणून वर पाहिलं नाही. पाहिलं तर दारात ही. हातात पिशवी, सोबत कोणी नाही.

“कोणाले सांगून आली?”

“कोणालेच नाई. येष्टी दिसली, चढली.”