फेटिया चार बोटं लांब

३ नोव्हेंबर
हाड आतून जाळीदार असतं, मग ते भार कसं पेलतं? याडीने विचारलं. आई विचारते आणि तांड्यातल्या पहिल्या बी.एस्सी.ला उत्तर येत नाही! पुसदच्या कॉलेजातल्या स्लाइडचा फोटो मोबाइलवर दाखवला होता. स्पंजी बोन, बारीक काड्यांची जाळी. याडी म्हणाली, "हे त चाळणी हाय वं."

४ नोव्हेंबर, सकाळी ७
उत्तर नोट्समध्ये सापडलं. भार पडतो त्या दिशेने काड्या जाड होतात. म्हणजे याडीच्या पाठदुखीवर औषध एकच, भार! आजपासून रोज दोन घागरी डोक्यावर. एक्स-रेला यवतमाळला जायची गरज नाही. बा म्हणाला, "शिकेल पोरगी सांगते त करून पाह्य."

९ नोव्हेंबर
याडीचा फेटिया, तिचा घेरदार घागरा, मातीत लोळतो. घेराच्या कवड्या दगडावर खडखडतात. धुऊन धुऊन कापड ताणलं असणार.
विहिरीवर शेजारची रामीबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "तुही माय बुटकी होऊन राह्यली वं. गॅज्वेट पोरीनं मायचा बैल केला." अडाणीपणा. दुर्लक्ष करायचं.

१४ नोव्हेंबर
तीन घागरी. प्रगती आहे. उठताना याडी भिंत धरते, पण तो व्यायामाचा थकवा. रोज विचारते, "काड्या जाड झाल्या का?" मी सांगते, झाल्या.
मोबाइलमध्ये पुढची स्लाइड निघाली. उतारवयातलं हाड. काड्या पातळ, मध्येच तुटलेल्या. सिलॅबसला नव्हती. डिलीट केली. फोनमध्ये जागा नाही.

१९ नोव्हेंबर
कापूस वेचताना याडी शिंकली. फक्त शिंकली. मग दोन ओळींमधल्या तासात खाली बसली ती उठलीच नाही. लचक असावी.

२१ नोव्हेंबर, यवतमाळ
डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. दोन मणके दबलेले. एक जुना, एक आताचा. तुटलेली काडी परत जुळत नाही म्हणाले. डोक्यावर ओझं कोणी घ्यायला लावलं, असं विचारलं.
मी तोंड उघडायच्या आत याडी म्हणाली, "मीच उचलत होती, साहेब. पोरगी त नको म्हणे."

२३ नोव्हेंबर
पाणी मी भरलं. दुपारी याडीचा डोळा लागला तेव्हा तिचा फेटिया खालून चार बोटं कापला, कवड्या पुन्हा टाचल्या, शिवून खुंटीला लावला.
कापड ताणलं नव्हतं.