मागाजवळचं बाळ

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली. हे खरं तर रोजनिशीत लिहायला बसले होते, पण रोजनिशीला 'तू' म्हणता येत नाही, आणि हे कुणाला तरी 'तू' म्हणूनच सांगायचं आहे. परवा भवानी पेठेतून जाताना त्या विणकरांच्या घरावरून गेले. तिथे आता विजेवर चालणारे माग आले आहेत. आवाज मोठा झालाय, पण त्यात हाताचा ताल नाही. मी दारात उगाच उभी राहिले आणि तुझा हात मनगटाला लागल्यासारखं झालं.

एकोणीसशे तिसाच्या पुढची ती वर्षं. मुलगी पाच महिन्यांची होती आणि माझी शाळेची रजा संपत आली होती. शाळेच्या मोठ्या बाईंनी निरोप धाडला होता, की सत्र सुरू व्हायच्या दिवशी हजर झाला नाहीत तर जागा दुसरीला द्यावी लागेल. त्यात त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. बीए झालेल्या मुलीला सोलापुरात दुसरी जागा कुठली? तू मुलींच्या बोर्डिंगात चुलीपुढे बसून मला कॉलेजात धाडलं होतंस, ते या जागेसाठीच. घरात सासूबाई नव्हत्या. तुझे जावई गिरणीच्या ऑफिसात कारकून. ते म्हणाले, गिरणीत बायकांच्या पोरांसाठी पाळणाघर आहे, बघून तर या. मी तुला बरोबर घेतलं. बोर्डिंगची दुपारची पंगत उठवून, हाताला अजून फोडणीचा वास असताना तू आलीस.

पाळणाघर बघून मी खूश झाले. चुना दिलेल्या भिंती, ओळीने टांगलेले पाळणे, धुतलेली दुपटी, पांढऱ्या लुगड्यातली बाई. आणि इतकी पोरं असून टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. तू सगळीकडे वाकून वाकून पाहिलंस आणि त्या बाईंना म्हणालीस, "लई गप हायती की पोरं."

त्या बाईंनी लपवलं नाही. म्हणाल्या, "आम्ही नाही हो देत. घरूनच अफूची गोळी चाटवून आणतात. पोर रडलं की आईला खात्यातलं काम टाकून यावं लागतं, मग मुकादम ओरडतो. आम्ही सांगून थकलो."

टांग्यात माझा चेहरा बघून तू म्हणालीस, "त्यात येवढं काय? तुलाबी दिल्ती की मी."

"मला?"

"राईयेवढी. अक्कलकोटाकडं शेतावर खुरपाय जायचे, तवा तुला बांधावर कोण बघणार व्हतं?"

"आई, अगं मेले असते."

"मेलीस का? बीए झालीस की."

टांगेवाला हसला. मला मात्र हसू आलं नाही. पुढे कित्येक दिवस एखादं नाव पटकन आठवलं नाही की मी त्या राईएवढ्या गोळीला दोष देत असे. तू ते इतकं सरळ सांगितलंस, की त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे हे तुझ्या मनातही नसावं. पण एक मात्र झालं. घराशी उतरताना तू म्हणालीस, "आपल्या पोरीला नगं पण." का, ते सांगितलं नाहीस.

मग शाळेतल्या झाडलोट करणाऱ्या बाईने भवानी पेठेतलं घर सांगितलं. तेलुगू बोलणारं विणकराचं घर. त्यांची म्हातारी, जिला सगळे अव्वा म्हणत, गल्लीतली चार पोरं सांभाळायची. आपण गेलो तेव्हा मागाचा खटखटाट इतका होता, की अव्वा काय म्हणते तेही कळेना. मागाला लागूनच तीन झोळ्या टांगलेल्या, आणि त्यांत पोरं गाढ झोपलेली. तू उंबऱ्यातूनच एकदा पाहिलंस आणि माझं मनगट धरून मला बाहेर ओढलंस. "चल. हितं तर लईच अफू दिलीया. ह्या आवाजात मेलेला मानूस उठंल."

अव्वा मागोमाग गल्लीत आली, तिला वाटलं आपण रागावलो. तिला काय सांगावं या विचारात मी असतानाच आत माग थांबला. विणकर जेवायला उठला होता. आणि एका क्षणात तिन्ही पोरं एकदम भोकाड पसरून रडायला लागली.

अव्वाला त्याचं काहीच नवल नव्हतं. "माग बंद, पोर उठतंय," ती म्हणाली. "आईच्या पोटात असल्यापासून ऐकतंय. आवाज नाही, झोप नाही."

आई, तू तोंडाला पदर लावून इतकी हसलीस की भिंतीला टेकावं लागलं. मग तशीच आत गेलीस, झोळीतलं एक पोर उचललंस, त्याचे डोळे, जीभ, तळवे बघितलेस आणि अव्वाला विचारलंस, "आमची पोरगी मास्तरणीची हाय. तिनं माग ऐकला न्हाय. ती कशी झोपंल वो?"

"चार दिस रडंल," अव्वा म्हणाली. "मग झोपंल. तुमी रडू नका म्हंजे झालं."

पोरगी आठवडाभर रडली. मीही शाळेच्या मागच्या व्हरांड्यात जाऊन रडले. मग ती झोपायला लागली, आणि इतकी, की रविवारी आपल्या शांत घरात तिला झोपच येईना. तू बोर्डिंगातून आलीस की पाटावर लाटणं वाजवत बसायचीस, त्या तालावर ती पेंगायची. शेजारच्या काकू एकदा विचारायला आल्या, तुमच्यात भांडण झालंय का. पोरीचा पहिला शब्दही 'पालु' होता, तेलुगूतलं दूध. तुझ्या जावयांचं तोंड उतरलं, तर तू म्हणालीस, "दूधच म्हंतीया की, शिवी थोडीच देतीया."

त्या सगळ्या हिंडण्यात एक गोष्ट मी तुला बोलले नाही. टांग्यात, गिरणीत, त्या गल्लीत, मी सारखी वाट बघत होते, की तू म्हणशील, दे पोरीला माझ्याकडं. तू म्हणाली नाहीस. एकदा तुझ्या स्वयंपाकघरात तू भाकऱ्या थापत असताना मी आडून विचारलं, "बोर्डिंगचं काम झेपतं का गं आता?"

"झेपतंय की."

"नाही, वय झालं म्हणून."

तू भाकरी उलटलीस. "माझं वय मला ठाव हाय. तुझ्या घरी बसले की तुझ्या हातानं वाढलेलं खावं लागंल. मला न्हाय जमायचं त्ये." आणि लगेच त्यातलीच गरम भाकरी लोणी घालून माझ्या पुढ्यात सरकवलीस. मी ती रागाने खाल्ली. सगळी खाल्ली. पुढे कितीतरी वर्षं मी मनात तुझी समजूत काढत असे, की बिचारीला मनातून वाईट वाटलं असेल, नातीला ठेवून घेता आलं नाही म्हणून.

आता तीच पोरगी आई झाली आहे. तारघरात काम करते, रजा संपत आली आहे, आणि जागा बघायला मला बरोबर घेऊन हिंडते आहे. दोन झाल्या. एकीची मोरी बरी नव्हती, दुसरीत बाई फार बोलत होत्या. मी नाकं मुरडते आणि ती मुकाट्याने ऐकून घेते. काल परत येताना ती माझ्याकडे बघत होती. ती काय ऐकायला थांबली आहे, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? माझ्या हाताखाली आता सगळी शाळा आहे. सकाळी मुली प्रार्थनेला उभ्या राहिल्या की मला अजून बरं वाटतं. ते सोडवत नाही, म्हणून मी काल रस्त्याकडे बघत राहिले.

तुला वाईट वाटलं असेल, असं इतकी वर्षं मी धरून चालले होते. कदाचित वाटलंही नसेल. मला तरी ज्या मानाने वाटायला हवं, त्या मानाने वाटत नाही, आणि याचीच मला जरा भीती वाटते. हे तिला सांगता येत नाही, म्हणून तुला सांगितलं. उद्या तिसरी जागा बघायला जायचं आहे. तिने तोंडाने विचारलं तर मी नाही म्हणणार नाही, आई. म्हणूनच तिने विचारू नये असं मला वाटतं.