धनेशाचं चित्र कोणाचं?

शनिवार, १४ जून. टॅम्पिनीस

अजून राग जात नाही. आमच्या संग्रहालयातल्या प्रदर्शनात एका जुन्या इंग्रज साहेबाची माहिती देणारा फलक आहे, तो मीच लिहिला होता. दिवसभर राज्यकारभार, उरलेल्या वेळात पक्षी, म्हणून नावाजलेला माणूस. पण तिथं लावलेलं धनेश पक्ष्याचं चित्र त्यानं काढलेलं नाही! आ हेंग नावाच्या चिनी चित्रकारानं ते काढलं, असं साहेबानंच एका पत्रात लिहिलंय. मी ते नाव फलकावर घातलं होतं. आज बघते तर, ‘अज्ञात स्थानिक चित्रकार’!

क्युरेटरबाईंना विचारलं, "अज्ञात कसा? नाव सापडलंय ना?"

"मीनल, लोक साहेबासाठी येतात. कशाला गुंता वाढवायचा?"

गुंता? एका नावानं?

"मग फलकाखालचं माझंही नाव काढा," मी म्हणाले.

वाटलं होतं, निदान थांबतील, समजूत घालतील. त्यांनी माझ्यादेखत पेन उचललं आणि माझं नाव खोडलं.