कागदाखाली काळं

६ मार्च, सकाळी १०.१५
आजपासून सूड. मेहुणा (बायकोचा धाकटा भाऊ, या प्रेसमध्ये त्याला मीच लावून दिला, हे सोयीस्कर विसरलाय) मालकांसमोर म्हणाला, "दाजी रंग अंदाजाने मोजतात." अंदाजाने! अठरा वर्षं प्रिंटरचे रंग मी बसवतोय.

७ मार्च
भांडणाचं कारण लिहून ठेवतो, म्हणजे राग ताजा राहील. प्रिंटरचं प्रोफाइल (कुठल्या रंगाला किती शाई सोडायची, त्याचा हिशेब) करताना रंगांच्या चौकोनांचा तक्ता छापून रंग मोजायच्या मीटरने मोजतात. आमचा कागद पातळ. खाली जे ठेवाल तेही मीटरला दिसतं. मेहुणा म्हणतो, खाली पांढरं ठेवा, प्रिंट शेवटी पांढऱ्या बोर्डावरच जातात. मी म्हणतो, काळं. का? तो पांढरं म्हणतो म्हणून. शिवाय पुस्तकातही आहे. पान आठवत नाही.
त्याचं नाव ठेवलं : पांढरपेशा.

९ मार्च
सुवर्णसंधी! फोटोग्राफर बाई आल्या. म्हाताऱ्या सुईणींचे तीस चेहरे, बावीसला प्रदर्शन. मालक म्हणाले, दोघं एकेक प्रोफाइल करा, बाई निवडतील. हरेल त्याने पुन्हा मीटरला हात लावायचा नाही, ही अट माझी. मेहुणा नको नको म्हणत होता. टरकला.

१० मार्च
काळा कार्डबोर्ड आणला. बायकोला म्हटलं, तुझ्या भावाचं तोंड काळं करणार. कशाने, म्हणाली. कार्डबोर्ड दाखवला. हसत सुटली. माहेरची बाजू, दुसरं काय.

१३ मार्च
मोजलं. सगळे आकडे गडद. म्हणजे दम आहे. मेहुणा येऊन कुजबुजला, "दाजी, गडद मोजलं तर प्रोफाइल शाई कमी सोडेल. चेहरे फिके पडतील." शत्रूचा सल्ला. फाट्यावर मारला.

१६ मार्च, दुपार
निकाल. बायकोला मुद्दाम बोलावलं, साक्षीला. एकाच आजीच्या दोन प्रिंट पांढऱ्या बोर्डांवर शेजारी शेजारी. बाई माझ्या प्रिंटपुढे जास्त वेळ थांबल्या. जिंकलोच. मग म्हणाल्या, "या आजींनी चारशे बाळंतपणं केलीत. इथे त्या स्वतःच बाळंतपणातून उठल्यासारख्या दिसतात."
बायको खिडकीबाहेर बघत राहिली.
मेहुणा हसलासुद्धा नाही. उलट म्हणाला, कागद दोन्ही बाजूंनी छापायचा असता तर दाजींचं काळंच बरोबर होतं. एवढा अपमान आयुष्यात कोणी केला नव्हता.

१७ मार्च
मीटर त्याच्याकडे. बोर्डावर फोटो चिकटवायचं काम मी आपणहून मागून घेतलं. मालक सांगणारच होते, पण मी आधी बोललो. इथून त्याच्यावर नजर ठेवता येईल. चूक करू दे एकदा.

२१ मार्च, संध्याकाळी ५
एकोणतीस बोर्ड झकास. तिसावा तिरका चिकटला. नेमक्या बाई दारात. कपाळाला आठ्या. मी तोंड उघडायच्या आत मेहुणा पलीकडच्या मीटरपासून उठून पुढे, "माझा धक्का लागला, बाई. तासाभरात नवा देतो."
दिला. चिकटवताना कागदाचं एक टोक त्याने धरलं, एक मी.
थँक यू म्हणणं भाग होतं. पण सूड म्हणून इतकं हळू म्हणालो, की त्याला ऐकूच जाऊ नये.
"असू दे, दाजी," म्हणाला.