विश्रांतीची व्याख्या

३ मे, शनिवार
रोस्टर आले. ते एखाद्या सुशिक्षित व्यक्तीने आखले असावे, असा संशय घेण्यास यत्किंचितही जागा नाही. पहाटेची उड्डाणे ओळीने, आणि त्यानंतर एक दिवस ‘घरी राखीव’. म्हणजे विमान उडवायचे नाही, पण नागपुरातल्या आमच्या मनीषनगरच्या फार पलीकडेही जायचे नाही. फोन वाजला की गणवेशात हजर. हा दिवस कंपनीच्या लेखी काम नव्हे. पगाराच्या लेखी तर तो उगवतच नाही.

मी मुकाट्याने सोसते आहे. जूनमध्ये कॅप्टनपदाची परीक्षा आहे, आणि वर्षभरात एकही ड्यूटी न नाकारणे ही तिची अलिखित पात्रता. मी एकही नाकारलेली नाही. नाकारणारही नाही.

५ मे
दिल्लीला धुळीच्या वादळाने अडकलो. पगार विमानाची चाके हलल्यापासून थांबेपर्यंतचा. सबब आज दुपारभर कॉकपिटमध्ये बसून मी निव्वळ समाजसेवा केली. शेजारच्या खुर्चीतल्या कॅप्टन सहारेंना त्याचे सुखदुःख नाही. “चाकंच हलून नाही राहिली, त पैसे कुठून येतीन, दामिनी?” — आणि डबा उघडून गोळाभात. कॉकपिटमध्ये लसणाच्या फोडणीचा वास दरवळणे कोणत्याच नियमाने निषिद्ध नाही, हे नागरी विमानवाहतुकीचे दुर्दैव.

७ मे
आई म्हणाली, “काहून वं, घास हातात अन् झोपून राहिली?”
झोपले नव्हते. डोळे मिटून विचार करत होते. हा फरक तिला समजावणे मी सोडून दिले आहे.

९ मे
सहारेसाहेबांनी कमाल केली!

पुण्याहून नागपूरला उतरलो. याच विमानाने पुढे हैदराबाद. प्रवासी चढणार, तोच यांनी रोस्टर विभागातल्या श्वेताला फोन लावला. “मी थकलो. पुढचं उड्डाण मी नाही करत.”

थकल्याचा अहवाल देण्याचा अधिकार प्रत्येक वैमानिकाला आहे. कंपनी तो अत्यंत आदराने स्वीकारते आणि नावापुढे फुली मारते. श्वेताचा आवाज मलाही ऐकू आला — “सर, तुमचं प्रशिक्षकपद जाईल बरं का.” हे म्हणाले, “जाऊ दे न वं.”

थकलेला मनुष्य शीळ घालत पार्किंगकडे जातो, ही नोंद वैद्यकशास्त्राने अवश्य घ्यावी. मी निरोपही घेतला नाही. उड्डाण रद्द, त्यामुळे मलाही घरी यावे लागले. दुपारी पडले ती आज, दहा तारखेला, उन्हे वर आल्यावर उठून हे लिहिते आहे. उकाडा फार आहे.

११ मे
सहारेसाहेबांना विमानतळावर गाठले. म्हटले, आपण थकल्याचे एकही लक्षण मला दिसले नव्हते.

“तुले कसं दिसन? वर्धा ओलांडली, मी उतरायची यादी वाचून राहिलो होतो. दोनदा वाचलं, तुह्यं उत्तर नाही. मान खाली. खांद्याले हात लावला तवा ‘चेक’ म्हणाली.”

मला तेव्हाच सांगायला हवे होते, मी म्हटले.

“सांगतलं असतं त तू कबूल केलं असतं? कचाकचा भांडली असती. अन् तुह्या नावानं कळवलं असतं त परीक्षा गेली असती. माह्यं काय, प्रशिक्षक नसलो तरी विमान उडवतोच न मी.”

मी त्यांच्यासमोर बॅगेचे हँडल वरखाली करत उभी राहिले.

१२ मे
सकाळी श्वेताला फोन करून सांगितले — नऊ तारखेला थकले होते ते मी. त्यांची फुली काढा. मारलेली फुली काढण्याची तरतूद नाही, म्हणाली. नवी मारण्याची आहे. माझ्या नावापुढे मारून घेतली.