पोट मऊ आहे

प्रिय डॉक्टर,

घरात तुला आता दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही, मग मीच कशाला मारू? आईसुद्धा शेजारणीशी बोलताना ‘आमचे डॉक्टर’ म्हणते, पोटच्या पोराला अहोजाहो करते. तू कातडीचा डॉक्टर आहेस, दिवसभर पुरळ आणि गळणारे केस बघतोस, हे तिला ठाऊक आहे. तिच्या लेखी त्याने काही बिघडत नाही. मी फोनवर बोलायला गेले की ‘ताई, तू आधी ऐक’ म्हणून तू सुरू होतोस आणि माझं बोलणं घशातच राहतं, म्हणून लिहितेय. अतिदक्षता विभागाबाहेरच्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, शेजारच्याने पाय हलवला की माझं अक्षर हलतं. लागेल तसं वाचून घे.

तुझ्याबद्दलचं चांगलं आधीच सांगून टाकते, नंतर जमेल असं वाटत नाही. बाबांची बोटं सुजून आखडली होती, चष्म्याची काच चिमटीत धरवत नव्हती. जन्मभर काचा घासलेला माणूस दुकानात नुसता बसून गिऱ्हाइकांवर खेकसायचा. तू ती बारकी पांढरी गोळी सुरू केलीस आणि काही दिवसांतच ते पुन्हा घासायला बसले. इतके खूश होते की आल्यागेल्याला मूठ मिटून उघडून दाखवायचे. थोडेच दिवस घ्यायची, मी बघून हळूहळू कमी करतो, असं तू म्हणाला होतास. बघायला काही तू आला नाहीस. वर्ष उलटून गेलं तरी गोळ्यांची पार्सलं मात्र नेमाने येत राहिली.

मग त्यांचं पोट दुखायला लागलं. आईने अर्थातच तुला फोन लावला. तू मला सांगितलंस, दाबून बघ, फळीसारखं कडक लागतंय का. मी दाबलं. बाबा कण्हले, पण पोट मऊ होतं. ‘मऊ आहे ना, मग गॅस आहे,’ म्हणालास. मी दवाखान्यात नेते म्हटलं, तर ‘ताई, उगाच घाबरवू नकोस सगळ्यांना’ म्हणून फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी बाबा मला आत्याच्या नावाने हाक मारायला लागले. हातपाय गार, धावून आल्यासारखी धाप, लघवी जवळजवळ नाहीच. तेव्हा मात्र मी कोणाला काही विचारत बसले नाही, शेजाऱ्यांना उठवून बाबांना गाडीत घातलं.

आतड्याला भोक पडलं होतं. पोटभर घाण पसरली होती आणि जंतू तिथून रक्तात गेले होते. सर्जनने पोट उघडलं, धुतलं आणि शिवलंच नाही. पुन्हा आत जावं लागेल म्हणाला. पोटावर पारदर्शक चिकट पडदा लावलाय, त्यातून एक नळी निघते आणि मशीन आतलं गढूळ पाणी ओढत राहतं. हे तू पुस्तकात वाचलं असशील, मी आपल्या बापाच्या अंगावर बघितलं. सर्जन धिप्पाड आहे, बोलतो मोजकं. तो सगळं समजावून सांगत होता, तर आई त्याला म्हणाली, ‘थांबा हं, आधी डॉक्टरांना विचारते.’ डोक्याला टोपी, गळ्यात मास्क अशा अवतारात तो बिचारा तुझा फोन लागेपर्यंत उभा राहिला. एरवी मला हसू आलं असतं.

एवढं करूनही रक्तदाब काही चढेना. तिथल्या तरुण डॉक्टरबाई चक्रावल्या. तुझ्याशी त्या फोनवर किती वेळ बोलल्या, आठवतंय? कोणतं अँटिबायोटिक द्यावं यावर तू त्यांना व्याख्यान दिलंस आणि त्यांनी ते सभ्यपणे ऐकून घेतलं. बाबा रोज काय घेतात, हे त्यांनी पुन्हा एकदा आईला विचारलं. आईने रक्तदाबाची गोळी सांगितली. मी म्हटलं, आणि ती पांढरी? तर म्हणे, ‘ती कुठे औषध आहे, ती आपल्या डॉक्टरांनी पाठवलेली.’ बाईंनी माझ्याकडून गोळीचं नाव विचारून घेतलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ही स्टेरॉइडची गोळी चालू असली की आत आग लागली तरी पोट मऊच लागतं. शिवाय इतके दिवस घेतल्यावर अचानक बंद पडली तर रक्तदाब सावरत नाही. त्यांनी तेच औषध इंजेक्शनमधून दिलं आणि संध्याकाळपर्यंत आकडे जरा ताळ्यावर आले. आईचं मी समजू शकते. तू मात्र विसरलास की मुद्दाम गप्प बसलास, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. खरं सांगू, दोन्हीचा राग सारखाच येतो.

आज सर्जन म्हणाला, आत पुन्हा पू साचलाय, उघडावं लागेल. बाबा टेबलावरच जाऊ शकतात, पण नाही उघडलं तर जाणारच. आईने तुला फोन केला आणि तू तिकडे बसून सांगितलंस की आता पुरे, त्यांचे हाल करू नका. तेव्हापासून ती एकच घोकतेय, डॉक्टर नको म्हणतायत. झोपेचं औषध सकाळीच कमी केलं होतं, बाबा डोळे उघडून बघत होते. सर्जनने वाकून मोठ्याने विचारलं, आणखी एकदा करू या का. तोंडात नळी, तरी त्यांनी मान हलवली आणि माझा हात असा आवळला की बोटं दुखली. त्यांनाच विचारावं, हे तुला सुचलं नाही.

मी सही केली. बाबांना आत नेलंय. आईचा फोन बंद करून माझ्या पर्समध्ये ठेवलाय आणि फोनवर कोणालाही काही सांगू नका असं विभागात बजावून आलेय, तेव्हा तिकडून खटपट करू नकोस. बाबा गेले तर ‘मी सांगत होतो’ असं तू म्हणशील. खुशाल म्हण. सही माझी आहे, तो दोष मी घेईन आणि त्यातला वाटा तुला मागणार नाही. पण आईला अजून वाटतंय की साधा गॅस होता आणि तो पोटात फिरला. त्या गोळीचं मी तिला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. बाबा जगोत वा न जगोत, ते तू इथे येऊन, तिच्यासमोर बसून, तिच्या तोंडाकडे बघत सांगायचंस. हे पत्र तेवढ्यासाठी आहे.

नाइलाजाने तुझीच,
ताई