तेहतीस पांढरी फडकी

लष्कर, ग्वाल्हेर
सोमवार, दि. २२ ऑक्टोबर १९५६. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. दोरीवरचे फडके वाळले की नाही, ते हात लावून पाहत होतो.

तीर्थरूप काकासाहेब यांस,

तुकोजीचा साष्टांग नमस्कार. जुलैपासून आपण माझा नमस्कार घेत नाही, म्हणून हा कागदावर ठेवला आहे, सवडीने घ्यावा. इकडे आईसाहेब व मी खुशाल आहोत. काकीसाहेबांचा खोकला कसा आहे, हे विचारायचा अधिकार मला राहिलेला नाही, तरी विचारतो.

एक तारखेला आपला मध्यभारत संपून नवा प्रांत होणार. इंदरगंजला आमच्या कौन्सिलच्या कचेरीत फायली बांधणे चालू आहे. अधीक्षक दिनकरराव म्हणतात, "भोपाळला फाटकी फाईल गेली तर ग्वाल्हेरची इज्जत जाईल." म्हणून मी एकशे चाळीस फायलींना नवी नाडी घातली. धूर-शाखेत आम्ही दोघेच, आणि मी अजून हंगामी. मॅट्रिक नाही, हे आपण जाणताच. त्यासाठी दर रविवारी संध्याकाळी पाटणकर बाजारात गोपाळकृष्ण मास्तरांकडे शिकवणीला जातो.

मला भोपाळला कायम जागेवर घ्यावे अशी शिफारस झाली आहे. कारण लिहिले आहे, "नमुन्यांची अत्यंत स्वच्छ हाताळणी." हे पत्र ती बातमी सांगायला लिहिलेले नाही.

धूर मोजायची रीत आपणांस माहीत आहे, तरी क्रमाने लिहितो, म्हणजे माझ्याकडून काही सुटायचे नाही. हातभर पांढरे मांजरपाट कारखान्याजवळच्या गच्चीवर सात दिवस टांगायचे. रविवारी घडी करून पुडके बांधायचे. सोमवारी साहेबांनी ते उघडून भिंतीवरच्या तक्त्यातल्या पाच चौकोनांशी ताडायचे. पहिला चौकोन पांढरा, पाचवा काळा. त्यावरून परवाना. फडके पांढरे निघाले तर आपल्या घरामागच्या शेठच्या ओतकामाच्या कारखान्याला दहा वर्षांचा नवा परवाना. काळे निघाले तर चिमणी उंच करेपर्यंत भट्टी बंद. गच्ची आपली निवडली, कारण तक्रारही आपलीच होती. आणि मोजणीआधी पुडके उघडू नये, असे सूचनापत्रात लिहिले आहे. दर रविवारी ते घरी ठेवून मी शिकवणीला जाई, पण मी ते उघडले नाही. एकदाही नाही.

जुलैत सतरा आठवड्यांचा निकाल आला. सतराही वेळा पहिला चौकोन. मी आपणांस सांगायला आलो आणि वर म्हणालो, "काकासाहेब, फडकं खोटं बोलत नाही."

तेव्हा आपण जे म्हणालात ते मला तोंडपाठ आहे. "फडकं नाही, तू खोटं बोलतोयस. शेठने कितने में खरीदा रे तुझे? माझ्या गच्चीवर काजळ, मंदा खोकून खोकून अर्धी झाली, आणि तुझ्या कचेरीत काय बर्फ पडतोय? अरे, चार तास पुरे होतात काळं व्हायला, चार तास! आजपासून ही पायरी चढायची नाही."

तरीही शब्द दिलेला म्हणून आपण दर रविवारी रिसाल्यातल्यासारखी चौकोनी घडी करून पुडके भाजीच्या टोपलीतून खाली सोडत राहिलात. आभार मानायचे होते, पण टोपली लगेच वर जाई.

श्रावणात एकदा फडके निळसर निघाले. दिनकररावांनी शेरा लिहिला, "किंचित निळे. हवामानामुळे?" मी तो सुवाच्य अक्षरात उतरवला. तेव्हा तरी मला कळायला हवे होते.

काल मास्तरांना ताप होता. मी पावणेसहालाच परत आलो. अंगणात दोरीवर माझी बंडी, आईसाहेबांचे लुगडे, आणि मधोमध ओले फडके. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात आकडा, ३३.

"आईसाहेब, हे काय?"

"दिसत नाही का? तुझं कचेरीचं फडकं."

"तुम्ही धुतलंत?"

"दर रविवारी धुते. इतकं काळंकुट्ट तसंच पाठवू? साहेब म्हणतील, याच्या घरात आई आहे की नाही! सकाळी तांब्यात निखारे घालून इस्त्री करते, पुन्हा तीच घडी, तीच सुतळी. तुला कधी कळलं का?"

मी ओट्यावर बसलो.

"आणि जाऊबाईंची गच्ची कधी झाडली जात नाही, हे सरकारला कशाला कळायला हवं? घराण्याचं नाव आहे."

हे शेवटचे वाक्य लिहायला नको होते. पण खोडले तर कागद मळका दिसेल.

आता दुसरी गोष्ट. हे कळल्यावर गप्प बसता आले असते. शनिवारी फाईल बंद होणार, परवाना निघणार, आणि मी भोपाळला, जिथे आपल्या गल्लीतला खोकला ऐकू येत नाही. एक तास मी असाच विचार केला. पाऊण नव्हे, पूर्ण एक तास. शेठकडून मी पैसा घेतला नाही, पण तो तास माझा होता, आणि तो आपणांस सांगितल्याशिवाय मला पुढे लिहवत नाही.

कचेरीची वेळ झाली.

संध्याकाळ, सहा वाजून पाच मिनिटे.

दिनकररावांना लेखी दिले की, सगळे नमुने मोजणीपूर्वी धुतलेले आहेत. त्यांनी चष्मा काढला.

"धुतले कोणी?"

"मी, साहेब."

"नीळ?"

"मीच."

"इस्त्री?"

"तीही."

त्यांनी तक्त्यातल्या पहिल्या चौकोनावर बोट ठेवले. मग म्हणाले, "घरी कोण असतं तुमच्या?"

"आई."

"हं. बत्तीस सोमवार मी घरी जाऊन सांगतोय, इस्त्री शिकावी तर कौन्सिलच्या फडक्याकडून!" मग त्यांनी माझी शिफारस फाडली. दोनच तुकडे केले, जास्त नाही. परवाना थांबवला आहे. शुक्रवारी नवा नमुना मिळाला तर शनिवारी त्यावरच निर्णय होईल.

आईसाहेबांना यातले काही ठाऊक नाही, आपणही बोलू नये. मी सांगितले की नव्या प्रांतात फडकी मळकीच पाठवायचा नियम आहे. त्या म्हणाल्या, "म्हणजे भोपाळ तसलंच दिसतंय."

उद्या सकाळी भाजीसाठी टोपली सोडाल, तेव्हा हे पत्र व नवे फडके, क्रमांक ३४, त्यात ठेवीन. आजवर सात दिवस लागत, आता चारच मिळतील. आपण चार तास पुरे म्हणाला होतात, त्यावर माझा भरवसा आहे. शुक्रवारी पाच वाजता येतो. या वेळी पुडके आपल्यासमोर लाखेने बंद करून, घरी न जाता, थेट साहेबांकडे नेणार आहे. लाख टोपलीतून लावता येत नाही. त्यासाठी मला पायरी चढावी लागेल.

शुक्रवारी पाचपासून खाली उभा असणारा,
आपला पुतण्या
तुकोजी

खर्च : साबण व नीळ, तेहतीस रविवार, दर एक आणा, एकूण दोन रुपये एक आणा (आईसाहेबांनी घेतले नाहीत). लाखेची कांडी, तीन आणे.
देणे : कौन्सिलला तेहतीस तुकड्यांचे अकरा रुपये, पगारातून. काकीसाहेबांना, तेहतीस आठवडे.